पर्याय नसलेली चाचणी

आक्का, तुमचा फोन अजून चालूच आहे. तेराव्यानंतर तरी कुणीतरी बंद करील असं वाटलं होतं, पण आपल्या सासूबाई, आत्याबाई, कुणाला हात लावू देत नाहीत. चार्जरला लावून कोनाड्यात ठेवलाय. दुपारी बरोबर साडेबाराला तो टिंग करून वाजतो आणि पडद्यावर येतं, 'कलावती, तुमची आजची चाचणी राहिली आहे.' एरवी मी शाळेत असते म्हणून सुटते. रविवारी मात्र ते टिंग ऐकावं लागतं आणि त्यानंतर दारात जे होतं तेही बघावं लागतं. त्याचं पुढं सांगते. आधी आपलं भांडण, कारण ते अर्धवट सोडून तुम्ही गेलात आणि ही तुमची जुनीच खोड.

जळकोटच्या या घरात मी धाकटी सून होऊन आले तेव्हा डी.एड. झालेली होते. तुम्ही थोरल्या, दहावीचा उंबरठा न ओलांडलेल्या. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला मास्तरीण म्हणायला लागलात आणि मग सगळं गाव म्हणायला लागलं. माझं खरं नाव रेशन कार्डावर तेवढं उरलं. मला तेव्हा राग यायचा. आता त्या हाकेसाठी कान टवकारून बसते आणि मग स्वतःवरच चिडते.

आपली पहिली चाचणी आठवते का? तुळजापूरच्या स्टँडवर भजी घेतली होती. भजी संपली तशी तुम्ही कागद उलगडला. कुठल्याशा पुरवणीचा तुकडा होता, 'तुम्ही किती मनमोकळे आहात?' दहा प्रश्न, प्रत्येकाला अ, ब, क. तेलानं पारदर्शक झालेला तो कागद खिडकीच्या उजेडात धरून तुम्ही मला एकेक प्रश्न विचारत सुटलात. पुढच्या सीटवरची बाई उत्तरं द्यायला लागली. नळदुर्गाच्या अलीकडं कंडक्टरही सामील झाला. दहा प्रश्न झाले आणि कळलं की निकालाचा भाग फाटून दुसऱ्या कुणाच्या तरी भज्यांबरोबर गेलाय. तुम्ही जरासुद्धा खचला नाहीत. डोळे मिटून निकाल सांगायला लागलात. पुढच्या बाईला म्हणालात, तुमचे सात 'अ' आले, म्हणजे तुम्ही घरात कमी बोलता आणि भांड्यांना जास्त बोलायला लावता. ती बाई जळकोट येईपर्यंत हसत होती आणि उतरताना तिनं तुमच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

नंतर पुरवण्या जमवणं आलं, मग फोन आला. त्यातला नियम तुमचा. आपली चाचणी आपण भरायची नाही, तुमची मी भरायची आणि माझी तुम्ही. तुम्ही म्हणायचात, स्वतःच्या परीक्षेत माणूस कॉपी करतंच. 'तुम्ही कोणता प्राणी आहात' यात मी भरलेल्या उत्तरांवरून तुम्ही घुबड निघालात आणि इतक्या खूश झालात की ते चित्र आत्याबाईंना दाखवायला गेलात. त्यांनी फोन खाली ठेवायला लावून तुमच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. फोनवरूनही ओवाळल्या. तुम्ही माझ्याकडं बघत नव्हता, कारण बघितलं असतं तर दोघींचंही हसू फुटलं असतं.

सतरा नंबरचा फॉर्म भरून तुम्ही बाहेरून दहावी केलीत, बारावी केलीत. तुमची रेश्मा लग्न होऊन परंड्याला गेली त्या वर्षी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलंत आणि विषय घेतला मानसशास्त्र. मी म्हटलं, आक्का, सोपं काहीतरी घ्या. तुम्ही म्हणालात, चाचण्या कोण काढतंय ते मला बघायचंय. मग दर रविवारी तुमच्या तासासाठी आपण दोघी धाराशिवच्या एस.टी.त, मांडीवर पुस्तक आणि पुस्तकात ते शब्द. अभिजात अभिसंधान. तुम्ही तो शब्द तापाचं नाव घ्यावं तसा घेत होता. मी समजावलं, घंटा वाजली की खायला मिळतं हे जनावराला कळलं की नुसत्या घंटेनंही त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तुम्ही मान डोलावली. तुमची ती मान मला ओळखू यायची, तीत होकार असायचा पण समज नसायची.

पंधरा दिवसांनी तुमचा फोन आला, माझा चौथीचा तास चालू असताना. काय झालं म्हणून मी घाबरून वर्गाबाहेर आले. तुम्ही धापा टाकत होता. "मास्तरीण, अभिसंधान घावलं. आपल्या वाडग्यातच हुतं." झालं असं होतं की दुपारी टिंग वाजलं की तुम्ही चाचणी उघडत उठायच्या आणि त्याच वेळेला कोकरांना भरडा घालायच्या. त्या दिवशी तुम्ही उठायच्या आधीच, नुसत्या टिंगवर, सगळी कोकरं वाडग्याच्या कुंपणावरून उड्या मारत दारात हजर. तुम्ही इतक्या मोठ्यानं हसत होता की माझी पोरंही कारण न कळता हसायला लागली. एखाद्याला अवघड शब्द कळतो तेव्हा त्याचा आवाज कसा होतो ते मी वीस वर्षं शिकवून पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं.

आता रविवारी काय होतं ते सांगते. टिंग वाजतं. कोकरं येतात, उड्या न मारता. उंबऱ्याला खूर लावून एका ओळीत उभी राहतात आणि मधल्या घरातल्या त्या कोपऱ्याकडं बघतात, जिथं तुमची खाट होती. ओरडत नाहीत. आत्याबाईंनी भरडा नेऊन घातला तरी खात नाहीत. चार-पाच मिनिटं बघतात आणि गेल्या वाटेनं परत जातात. याला पुस्तकात शब्द आहे, मला तो पाठ आहे, तुम्हाला मीच सांगितला होता. तरी त्या वेळी मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, कारण मला भीती वाटते.

भांडण झालं ते दुसऱ्या शब्दावरून. प्रक्षेपी चाचणी. शाईचा डाग दाखवायचा आणि त्यात काय दिसतं ते विचारायचं. तुमच्या झेरॉक्समध्ये तो डाग छापताना अख्खं पानच काळं झालं होतं. तुम्ही ते काळं पान माझ्यापुढं धरून विचारलंत की यात काय दिसायचंय. मी म्हटलं, जे दिसेल ते तुमच्या मनातलं. तुम्ही म्हणालात, मग बरोबर उत्तर कुठलं? मी म्हटलं, बरोबर उत्तर नसतंच. तुम्ही पेटलात. पर्याय नाहीत, उत्तर नाही, ती चाचणी कसली, ती तर फसवणूक झाली, असं तासभर चाललं. शेवटी मी वैतागून म्हणाले, जाऊ द्या आक्का, तुम्हाला नाही कळायचं ते.

तुम्ही पुस्तक मिटलंत आणि चुलीकडं गेलात. दोन आठवडे चाचणी नाही, टोमणा नाही, काही नाही. आक्का, त्यातलं मलाही काही कळलेलं नव्हतं. मी गाइडमधलं पाठ म्हणत होते. हे कबूल करायला मला तोंड नव्हतं आणि पुढं वेळ मिळाला तेव्हाही मी केलं नाही.

मग दिवाळी झाली. दिवाळीनंतरच्या रविवारी तुम्ही तासाला बसलाच नाहीत. मी बाजार करून स्टँडवर आले तर तुम्ही आधीच येऊन बसलेल्या, पिशवीत डॉक्टरचा कागद. गाठ आहे, सोलापूरला जाऊन तपासण्या करा, उशीर नको असं डॉक्टर म्हणाले होते. एस.टी. सुटल्यावर तुम्ही माझा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवलात. "तुझ्या दादास्नी कळू देऊ नगं. ते मला उचलून न्हेतील अन् पेपर ऱ्हातील. मे हू दे. माझी आण हाय तुला." मी हात काढला नाही. आमच्या यांनाही सांगितलं नाही, ते तसेही लातूरला नोकरीवर, आठवड्याला एकदा येणार.

का गप्प बसले? स्वतःला शंभरदा विचारलंय. तुम्हाला नाही कळायचं असं जिला म्हणाले, तिला पेपर देऊ द्यायचे होते मला. माझी जीभ जे बोलून गेली ते माझ्या गप्प बसण्यानं भरून निघेल असं वाटलं. दुसरंही कारण होतं आणि ते तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडं धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी, म्हणजे तुमच्या नवऱ्याशी, थेट बोलायचं नाही. शिक्षणाधिकाऱ्यांसमोर टेबल आपटून बोलणारी मी, दादा समोरून आले की डोक्यावर पदर घेऊन भिंतीकडं तोंड करते. एकवीस वर्षं त्यांचा निरोप मला आणि माझा त्यांना, सगळं तुमच्यामार्फत. त्यांच्यापर्यंत जायचा माझा रस्ता तुम्हीच होता. तुमचं गुपित त्यांना सांगायचं तर तुम्हालाच सांगावं लागलं असतं.

मेमध्ये तुम्ही सगळे पेपर दिलेत. शेवटच्या पेपरला हात थरथरत होता म्हणून तुम्ही अक्षराबद्दल हळहळत होता, दुखण्याबद्दल एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हीच घरात सांगितलंत आणि आपण सोलापूर गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघितले, तारीख बघितली आणि आमच्याकडं असं बघितलं की मी खाली बघितलं. दादा माझ्यापासून दहा हातांवर उभे होते, तेही खाली बघत होते. मला वाटलं ते दुःखानं.

श्रावणात, सकाळी, कोकरं सोडायच्या वेळेला तुम्ही गेलात.

आपल्याकडची रीत. जिथं जीव गेला तिथं सारवून, ज्वारीचं पीठ पसरून, त्यावर दिवा आणि वरून टोपली झाकतात. तिसऱ्या दिवशी राख सावडून आले की टोपली उचलायची आणि पिठावर कसला ठसा उमटलाय ते बघायचं. माणूस पुढं कुठल्या योनीत गेलं ते कळतं म्हणे. मी शाळेत अंधश्रद्धा निर्मूलनाचे तास घेते, पण त्या तीन दिवसांत त्या टोपलीजवळून जाताना माझी पावलं आपोआप हलकी पडायची. आत दिवा होता, वारा नव्हता आणि तरी टोपलीच्या फटींतून भिंतीवर पडलेला उजेड हलायचा. कुणीतरी आत कूस बदलतंय असं वाटायचं.

त्याच दिवसांत, दुसऱ्या दुपारी, फोन वाजला आणि मी तो उचलला. का ते विचारू नका. तुमची चाचणी मी भरायची हा नियम होता, तो मोडला असं कुणी मला सांगितलं नव्हतं. प्रश्न आला, 'तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?' पर्याय तीन. एकटेपणाची, आजारपणाची, आपल्या माणसांना कळण्याची. मी 'आजारपणाची' दाबलं. फोन थोडा वेळ फिरत राहिला. मग ओळ आली, 'मागच्या वेळी तुमचं उत्तर वेगळं होतं.' तुम्ही कधी, कुठल्या दुपारी, माझ्या पाठीमागं स्वतःची चाचणी स्वतः भरली होती? जुनं उत्तर त्यात दाखवत नाहीत. मी फोन पालथा ठेवला आणि तो आतून कोमट लागत होता, हाताला माणसाचा तळवा लागावा तसा.

तिसऱ्या दिवशी टोपली उचलली. दिवा विझलेला. पिठावर खरोखर काहीतरी होतं. तेल सांडलं असेल, मुंगळा फिरला असेल, काय ते मला माहीत नाही, पण होतं. आत्याबाई सगळ्यांत आधी वाकल्या. "पोरीचं पाऊल हाय. माझी लेक ह्याच घरात येतीया परत." रेश्मा म्हणाली, पाखराचे पंख आहेत, आई सुटली. दोघी एकाच पिठाकडं बघत होत्या. दादांना बोलावलं. त्यांनी उभ्या उभ्याच बघितलं, म्हणाले, "पीठ हाय," आणि वाडग्याकडं निघून गेले. मग आत्याबाईंनी मला विचारलं.

मी वाकले. आक्का, मला तोंड दिसलं. दोन ओठ, घट्ट मिटलेले, आणि एका कडेला आतून दाबून धरल्यावर पडते तशी सुरकुती. मी डोळे मिटून उघडले तरी तेच. अंगावर काटा आला आणि त्याच क्षणी, त्या काट्याबरोबर, मला तो शब्द कळला. प्रक्षेपी चाचणी. आत्याबाईंना तुम्ही नात होऊन परत हव्या होत्या, रेश्माला तुमची सुटका हवी होती आणि मला काय दिसलं ते मला दिसलं. तुमचं म्हणणं बरोबर होतं, पर्याय नसले की माणसाची फसवणूक होते. पर्याय असते तर मी दुसरा निवडला असता. घंटेचा आवाज ऐकून पळत येऊन मला तुम्हाला सांगायचं होतं, घावलं आक्का, घावलं, आणि सांगायला कुणी नव्हतं. आत्याबाईंना मी म्हणाले, पाखरूच आहे.

तेरावं झालं, रेश्मा परंड्याला गेली. घरात एक नवीन अडचण उभी राहिली, दादांच्या चहाची. चहा मी करते, पण वाडग्यापर्यंत तो न्यायच्या तुम्ही. आत्याबाईंच्यानं तेवढं चालवत नाही. मी कप उंबऱ्यावर ठेवायचे आणि आत यायचे, ते येईपर्यंत त्यावर साय धरायची. चार दिवस ते तसाच थंड चहा पीत होते. पाचव्या दिवशी सकाळी मी कप उचलला आणि चालत वाडग्यात गेले.

दादा एका कोकराच्या खुरातला काटा काढत होते. मला बघून उठायला लागले, मी बसा म्हणाले. हा मी त्यांच्याशी बोललेला पहिला शब्द. पदर डोक्यावर होता, तोंड भिंतीकडं नव्हतं. कप त्यांच्या हातात दिला आणि मग एका दमात सांगितलं, दादा, मला ठाऊक होतं. दिवाळीपासून. आक्कांनी आण घातली होती, मी सांगितलं नाही. तुम्हाला काय बोलायचं ते बोला.

त्यांनी कप जमिनीवर ठेवला. कोकरू त्यांच्या मांडीवर तसंच. खुरातला काटा उपटून टाकला आणि म्हणाले, "मला दसऱ्यापासनं."

मला आधी अर्थच लागला नाही. मग ते कोकराच्या खुराकडं बघत सांगत राहिले, तुटक तुटक. गाठ तुम्ही त्यांना आधी, दसऱ्यालाच, दाखवली होती. दिवाळीनंतर डॉक्टरकडं त्यांनीच पाठवलं होतं. परत आल्यावर तुम्ही त्यांचा हात डोक्यावर ठेवून घेतलात. मास्तरणीला कळू देऊ नका, ती शाळा सोडून माझ्या मागं लागेल, दवाखान्यात नेऊन घालील, पेपर राहतील. दहावीत असताना ते तुम्हाला लग्न करून घेऊन आले होते, तेव्हाचे पेपर त्यांच्यामुळं राहिले होते. दुसऱ्यांदा त्यांच्यामुळं राहायला नको होते, म्हणून तेही गप्प बसले. मग म्हणाले, "त्या दिशी म्या पीठ म्हनलो. पीठ न्हवतं ते. मिटल्यालं तोंड हुतं." मी ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं, आक्का. कुणालाही.

तुमच्यावर इतका राग मला कधी आला नव्हता. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन माणसं बसवलीत आणि दोघांना एकच गुपित देऊन एकमेकांवर पहाऱ्याला ठेवलंत. आम्ही बोलणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, ती चाचणी तुम्ही आमच्या वतीनं आधीच भरून ठेवली होती. सहा महिने एकाच घरात आम्ही दोघं तुम्हाला एकमेकांपासून लपवत राहिलो. आणि तरीही, शेवटच्या पेपरहून आलात तेव्हाचा तुमचा चेहरा आठवला की मला हेही कळत नाही की मी तुमच्याकडं काय मागू, माफी की जाब.

दादांनी कप उचलला. चहा गार झाला होता, तरी ते सगळा प्याले. मग पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "आपल्या दोघांतलं येक जरी बेइमान निघालं असतं, मास्तरीणबाई, तर ती आज असती."